कुठला दवाखाना?

मिरज स्टेशनातून बाहेर पडलं की रिक्षावाले 'कुठं जायचं?' असं विचारत नाहीत. 'कुठला दवाखाना?' असं विचारतात. गेल्या डिसेंबरात मी पहाटेच्या गाडीनं उतरलो तेव्हा माझ्या खांद्यावर जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेलं, जवळजवळ माझ्या छातीपर्यंत येणारं एक बोचकं होतं. वर निमुळतं, खाली गरगरीत. रिक्षावाल्यानं आधी मला न्याहाळलं, मग बोचक्याला. नेहमीचा प्रश्न विचारावा की नाही अशा घोळात तो क्षणभर पडला आणि मग सवयीनं विचारलाच.

मी म्हटलं, "सतारमेकर गल्ली."

"मग दवाखानाच की ओ," तो म्हणाला आणि बोचकं मागच्या सीटवर आडवं ठेवायला स्वतः खाली उतरला.

मी या गावात जन्मलो, वाढलो, बारावीपर्यंत शिकलो. पुण्यात राहून आता पंचवीस वर्षं झाली. या पंचवीस वर्षांत 'तुमच्या मिरजेत बघण्यासारखं काय आहे हो?' हा प्रश्न मला किमान शंभर वेळा विचारला गेला असेल आणि शंभर वेळा मी चाचपडलो आहे. कोल्हापूरकराला असा प्रश्न पडत नाही. त्याच्याकडे देवी आहे, तलाव आहे, रस्सा आहे. सांगलीकराकडे गणपती आहे, हळद आहे आणि जिल्ह्याला स्वतःचं नाव दिल्याचा मान आहे. आमच्याकडे काय? किल्ला होता. शिवाजी महाराजांनी १६६० च्या सुरुवातीला त्याला वेढा घातला होता आणि तिथूनच ते पन्हाळ्यावर गेले. पण आज 'किल्ला भाग' म्हणजे सरकारी कचेऱ्यांचा परिसर. खंदक शोधायला गेलात तर एखाद्या घराच्या परसाशी सापडेल. कृष्णेचा घाट आहे, पण गावापासून लांब. लक्ष्मी मार्केट आहे, तिथं भाजी चांगली मिळते. संपलं.

त्या सकाळी रिक्षात बसल्यावर वाटलं, उत्तर या माणसानं देऊन टाकलं. मिरजेत कुणी बघायला येत नाही. काहीतरी बिघडलेलं घेऊन येतो.

*

माझ्या बोचक्यात आत्याचा तानपुरा होता. आत्या लग्न न करता आमच्याच घरात राहिली. मुलींच्या शाळेत गाणं शिकवायची आणि संध्याकाळी चार-पाच जणींना घरी घेऊन बसायची. ती गेल्यावर तानपुरा माझ्याकडे पुण्याला आला, तो आला म्हणजे दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभा राहिला. मला गाता येत नाही. वाजवताही येत नाही. आठवड्यातून एकदा फडकं मारायचं एवढाच आमचा संबंध. मागच्या वर्षी घर बदललं तेव्हा सामान हलवणाऱ्या पोरांनी गाद्यांच्या चळतीखाली त्याला आडवा घातला. नव्या घरी चादर सोडली तर भोपळ्याला वीतभर चीर. पोरांना बोलून उपयोग नव्हता, चूक माझी होती. 'नाजूक आहे' एवढं सांगायचं मला सुचलं नव्हतं.

पुण्यात दुरुस्ती करणारे आहेत. त्यातल्या एकाला दाखवला. त्यानं भोपळ्यावर टिचकी मारली, दांडीवरचं नक्षीकाम बघितलं आणि म्हणाला, "मिरजेचा आहे. तिथंच न्या. मीही अवघड काम तिथंच पाठवतो."

ही गल्ली म्हणजे काही वेगळं दृश्य नव्हे. दहा फुटी दुकानं, पुढे काम, मागे किंवा वर बिऱ्हाड. फक्त उंबऱ्याशी कांद्या-बटाट्याऐवजी भोपळे रचलेले. छताला खुंट्या न बसवलेल्या नुसत्या दांड्या टांगलेल्या. फरशीवर लाकडाचा भुसा आणि हवेत पॉलिशचा वास. या वासानं मला एकदम सातवीत नेलं. तेव्हा आत्याबरोबर तारा आणायला यायचो आणि ती बोलत बसली की भोपळ्यांवर बोटांनी तबला वाजवायचो. दुकानातले चाचा ओरडायचे. "अरे तो वाजवायचा नव्हे, ऐकायचा असतो!"

हे सगळं सुरू कसं झालं ते गावात सगळ्यांना तोंडपाठ आहे. ही घराणी मूळची शिकलगारांची. तलवारी, भाले, सुऱ्या यांना धार लावणं हा पिढीजात धंदा. पटवर्धनांचं संस्थान, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. पण पेशवाई गेली, इंग्रजांचं राज्य आलं, आणि तलवारीला धार लावून घ्यायला कोण येणार? एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगारांनी सतार-तानपुऱ्याच्या दुरुस्तीत हात घातला. दरबारात गवई यायचे, त्यांची वाद्यं बिघडायची आणि ती नीट करायला उत्तरेत पाठवणं परवडणारं नव्हतं. आधी दुरुस्ती, मग स्वतःची वाद्यं, मग पिढ्यान्‌पिढ्या तेच. कित्येक शिकलगारांचं आडनावच पुढे सतारमेकर झालं. कानस आणि हात तेच राहिले, समोरची वस्तू बदलली. मला या गोष्टीतला सगळ्यात आवडता भाग 'आधी दुरुस्ती' हा आहे. दुसऱ्याचं मोडलेलं उघडून बघितल्याशिवाय नवं बनवता येत नाही हे त्यांनी कुठल्या शाळेत जाऊन शिकलेलं नव्हतं.

आमचे चाचा आता सत्तरीच्या पुढे आहेत. ते मला ओळखतील असं वाटलं नव्हतं आणि त्यांनी ओळखलंही नाही. "काय झालंय?" असं अगदी डॉक्टरी सुरात विचारलं. मी चादर सोडली. त्यांनी तबलीवरच्या, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेल्या पाटीवरच्या, एका बारीक डागावर अंगठा ठेवला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "हा बाईंचा आहे. ही तबली माझ्या वडलांनी बदलली होती. तू कोण? भाचा?"

"बाईंच्या भावाचा मुलगा."

"तू तो भोपळे बडवणारा?"

*

चीर मोठी गोष्ट नाही, असं चाचा म्हणाले. तबली उतरवायची, आतून भोपळ्याच्याच तुकड्याचं ठिगळ लावायचं, भुसा आणि सरसाची लुकण भरायची, सुतळीनं आवळून दोन दिवस वाळू द्यायचं. मग पॉलिश. "बाहेरून दिसणार नाही. मला दिसेल."

हे भोपळे भाजीचे नव्हेत. कडू भोपळा, जाड सालीचा. पंढरपूर, मंगळवेढा, बेगमपूर, असा भीमेच्या काठचा मुलूख त्यांचा. वेल जमिनीवर पसरलेला असतो आणि फळाचा बूड जसा जमिनीवर बसेल तसा आकार येतो, म्हणून शेतकरी वाढत्या भोपळ्याला अधूनमधून बसवून घेतो. पूर्ण पिकला की वेलावरच वाळू देतात. मग तो वर्षानुवर्षं पडून राहिला तरी चालतो, किंबहुना पडून राहिलेला बरा. दांडीला तुणाचं लाकूड. ते हलकं असतं आणि मुरलं की वाकत नाही. भोपळा आणि दांडी जोडणारा तो गळा, पुढची पाटी ती तबली, आणि तबलीवर तारांखाली बसते ती घोडी. पूर्वी घोडी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असायची. आता ते बंद, आणि योग्यच आहे. हाडाची, शिसवीची किंवा फायबरची येते.

माझे वडील रेल्वेत पार्सल ऑफिसात होते. पंढरपूरकडून येणाऱ्या गाडीतून भोपळ्यांची पोती यायची. वडील कपाळाला हात लावायचे. वजन काही नाही आणि जागा मात्र सगळी. "हवा भरून पाठवतात रे," असं म्हणायचे. घरी आत्याचा रियाझ सुरू असला आणि बाबांना झोप हवी असली की म्हणायचे, "आमच्याच ऑफिसातली हवा ही, बघ कशी वाजतेय."

ती पंढरपूरची गाडी म्हणजे बार्शी लाईट, छोटी रेल्वे. मिरजेच्या स्टेशनात एके काळी तिन्ही मापांचे रूळ येऊन भिडायचे. ब्रॉडगेज पुण्याकडे, मीटरगेज बेळगाव-हुबळीकडे आणि अडीच फुटी नॅरोगेज पंढरपूर-कुर्डुवाडीकडे. त्यामुळे मिरजेत गाडी 'बदलावीच' लागायची. कोल्हापूरचा फाटा सोडला तर इथून थेट पुढे कुणालाच जाता येत नसे. माणसं उतरायची, वळकट्या घेऊन पूल चढायची, पुढची गाडी सहा तासांनी असली की गावात फेरफटका मारायची. आता सगळं एका मापाचं झालंय. सोयीचंच आहे. पण मोठ्या गाडीच्या खिडकीतून शेजारच्या रुळावरच्या त्या बुटक्या डब्यांत वाकून बघायची जी मजा होती ती माझ्या मुलीला कशी सांगणार?

*

चाचांनी 'परवा ये' म्हटल्यावर मी मोकळा झालो आणि पाय आपोआप दर्ग्याकडे वळले. ख्वाजा शमना मीरांचा हा दर्गा. आम्ही सगळे त्याला मीरासाहेब म्हणतो. आजी दर गुरुवारी नाही तरी परीक्षेच्या आधी मला न चुकता तिथं नेऊन आणायची, आणि परतताना अंबाबाईला. दोन्हीकडे साखर. उरुसात पहिला मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. लहानपणी यात सांगण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नव्हतं. पुण्यात हे सांगितल्यावर लोक 'खरंच?' म्हणतात तेव्हा माझं मलाच नवल वाटतं.

आवारात चिंचेचं झाड आहे. या झाडाशी किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेबांचं नाव जोडलेलं आहे. कैराण्यात १८७२ मध्ये जन्मलेला हा माणूस बडोद्याहून या भागात आला. गावात जी गोष्ट सांगतात ती अशी की मिरजेत ते जिवावरच्या आजारानं अंथरुणाला खिळले, मीरासाहेबांना साकडं घातलं, बरे झाले आणि मग इथलेच झाले. आजार कुठला, किती दिवसांचा, याबद्दल सांगणाऱ्यागणिक फरक. पण बिघडून आले आणि बरे झाल्यावर राहिले, हा सांगाडा कुणाच्याच गोष्टीत बदलत नाही. त्यांची मुलगी, गायिका हिराबाई बडोदेकर, १९०५ साली मिरजेतच जन्मली.

त्यांचा शेवट रेल्वेच्या फलाटावर झाला. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडिचेरीला जाताना गाडीत अस्वस्थ वाटायला लागलं म्हणून सिंगपेरुमाळकोइल नावाच्या लहानशा स्टेशनात उतरले. फलाटावर अंथरूण घातलं, तानपुरा लावायला सांगितला, ईश्वराची आळवणी केली आणि तिथंच संपले. देह मद्रासला नेला आणि तिथून मिरजेला आणला. कबर याच आवारात आहे. दर वर्षी उरुसात इथं त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. किराणा घराण्याचे बहुतेक मोठे गवई या झाडाखाली हजेरी लावून गेले. हजेरीच म्हणतात तिला, कार्यक्रम नव्हे. बिदागीची बोलणी होत नाहीत. मी आत्याबरोबर सतरंजीवर बसून, निम्म्या वेळ तिच्या मांडीवर झोपून त्या मैफली 'ऐकल्या' आहेत. पहाटे जाग यायची ती तंबोऱ्यांनी. गाणं थांबलेलं असायचं, पुढचा गवई बसायच्या आधी दोन तंबोरे जुळवणं चाललेलं असायचं. मला तेच गाणं वाटायचं. अजूनही खरं तर तेच आवडतं.

खाँसाहेब स्वतः वाद्य दुरुस्त करण्यात पटाईत होते. घोडी घासायला बसले की तहानभूक विसरायचे, असं चाचांच्या वडलांनी चाचांना सांगितलं होतं. वडलांनी पाहिलेलं की त्यांनीही ऐकलेलं, हे मी विचारलं नाही.

*

आणखी दोघांची गोष्ट मला इथं सांगितलीच पाहिजे, कारण दोघेही रोगी म्हणून आले.

विष्णू दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे, कीर्तनकाराचा मुलगा. लहानपणी फटाका तोंडाजवळ उडाला आणि डोळे गेल्यात जमा झाले. उपचारासाठी मिरजेला आणलं. दृष्टी पुरती आली नाही. शिक्षण पुढे नेता येईना तेव्हा गाणं शिकवावं असं ठरलं. त्या वेळी मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. त्यांच्याकडे बरीच वर्षं कष्टाची तालीम झाली, १८९६ मध्ये पलुस्करांनी मिरज सोडली आणि १९०१ मध्ये थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. आज गावोगावच्या मुली गाण्याच्या 'प्रवेशिका प्रथम'च्या परीक्षेला बसतात त्याचं मूळ एका फटाक्यात आणि मिरजेच्या एका डॉक्टरच्या दारात आहे. १९३१ मध्ये पलुस्कर वारले तेही मिरजेतच.

दुसरे नारायण श्रीपाद राजहंस. गळा असा की लोकमान्यांनी लहानपणीच 'बालगंधर्व' म्हटलेला, आणि कान मात्र अधू. शाहू महाराजांनी या मुलाला कानाच्या उपचारासाठी मिरजेच्या मिशन दवाखान्यात पाठवलं, असं सांगतात. किर्लोस्कर नाटक मंडळी तेव्हा भाऊराव कोल्हटकरांच्या मागे स्त्रीभूमिका करणारा गळा शोधत होती. १९०५ साली मिरजेच्या रंगमंचावर हा मुलगा शकुंतला म्हणून उभा राहिला आणि पुढची पन्नास वर्षं महाराष्ट्राला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. नगरपालिकेनं पुढे नाट्यगृहाला त्यांचं नाव दिलं. आम्ही त्यात शाळेची गॅदरिंगं केली. कान दाखवायला आलेल्या पोरानं जगाच्या कानांना वेड लावलं, हे वाक्य आमच्या मराठीच्या सरांचं. ते दर गॅदरिंगला म्हणायचे आणि आम्ही दर गॅदरिंगला मागून शिट्टी मारायचो.

*

तो मिशन दवाखाना विल्यम वानलेस यांचा. मूळचे कॅनडाचे, १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले, १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उभा राहिला. संस्थानानं जागा दिली, रेल्वेनं रोगी दिले. तेव्हा या पट्ट्यात शस्त्रक्रियेसाठी दुसरीकडे जाणार कुठं? कारवार, गोवा, विजापूर, बेळगाव, कोकण, सगळीकडची माणसं मिरजेत उतरायला लागली. १९२८ मध्ये वानलेसना 'सर' किताब मिळाला, पण गावात ते वानलेससाहेबच राहिले. सांगलीच्या रस्त्यावर त्यांच्या नावाची वानलेसवाडी आहे. तिथं क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होतं. मग खाजगी दवाखाने वाढले, १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि गावाचा धंदाच ठरून गेला. लॉज, मेडिकल, खाणावळ, फळांच्या गाड्या, शहाळी. रस्त्यावर मराठी, कन्नड, कोकणी आणि आमची दखनी. कुठला रोगी कुठल्या मुलखातला ते आमचे शहाळीवाले त्याच्या नातेवाइकांच्या चपलांवरून ओळखायचे.

आमच्या घराची पुढची खोली आजीनं दवाखान्याच्या लोकांसाठी ठेवली होती. त्या खोलीला घरात 'दवाखान्याची खोली' हेच नाव. भाडं नाममात्र, चूल बाहेर, नळावर आमच्या नंतर नंबर. नातेवाईक आठवडा, पंधरवडा, कधी दोन महिने राहायचे. त्यांचा रोगी बरा होतोय की नाही हे आजी त्यांच्या स्वयंपाकाच्या वासावरून सांगायची. फोडणी पडली की बरं चाललंय. नुसता भात शिजतोय म्हणजे विचारायचं नाही.

गोकाककडची एक बाई मला अजून दिसते. नवरा पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेला. तिला मराठीची दोन वाक्यं यायची आणि आजीला कन्नडची चार. त्या दोघी एवढ्याच भांडवलावर रोज संध्याकाळी उंबऱ्यावर तासभर बोलायच्या. शेवटच्या आठवड्यात फोडणी बंद झाली. एका दुपारी बाई आली, आजीच्या हातात ब्याडगी मिरच्यांची पिशवी ठेवली, भाड्यापोटी. आजीनं पिशवी परत दिली, तिनं पुन्हा ठेवली. असं दोन-तीनदा झालं. मग दोघी रडल्या. त्या मिरच्यांचं तिखट आजीनं कांडलं, पण वर्षभर ते वापरलं नाही. बरणी फडताळात वरच्या कप्प्यात तशीच. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "तिचं आहे ते."

आत्याचा तानपुरा त्याच खोलीच्या भिंतीपलीकडे वाजायचा. एकदा कुणीतरी तक्रार केली की रोग्याच्या घरच्यांना त्रास होतो. आत्या दोन दिवस गप्प बसली. तिसऱ्या दिवशी खोलीतला माणूसच विचारायला आला. "आज आवाज का नाही?"

*

गाव असं आहे म्हणून सोज्वळ आहे असं काही नाही. आमच्या गणेशोत्सवात रस्ताभर प्रचंड स्वागत कमानी उभ्या राहतात, विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण २००९ मध्ये अशाच एका कमानीवरच्या चित्रावरून दंगल पेटली, संचारबंदी लागली, लोण सांगली-कोल्हापूरपर्यंत गेलं. मी पुण्यात टीव्हीवर माझी गल्ली बघत होतो. चाचांना मी त्याबद्दल विचारलं. ते कानस चालवत राहिले. "दुकान बंद होतं," एवढंच म्हणाले. थोड्या वेळानं पुढे बोलले, "उघडलं त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक भजनी मंडळाचं आलं. वीणा होती. खुंटी सैल झालेली." मी वाट बघितली. पण त्यांची गोष्ट तिथंच संपली होती.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चाचांना आनंद आहे, पण बेताचा. मुलं शिकली, एक नोकरीला लागला. इलेक्ट्रॉनिक तानपुरा मोबाइलमध्ये फुकट मिळतो. "मानांकन भिंतीवर लावता येतं," ते म्हणाले, "पण घोडी घासायला माणूस बसायला लागतो की नाही?" पुतण्या बसतो म्हणे. तो मागे होता, कानात इअरफोन घालून तबलीला पॉलिश करत होता. काय ऐकतोस विचारलं तर म्हणाला, "कॉमेंट्री."

*

परवाच्या दिवशी मी गेलो तेव्हा चीर बुजलेली होती. मला खरोखर दिसली नाही. नव्या तारा चढवलेल्या होत्या, तीन पोलादी आणि खर्जाची पितळी. मला वाटलं काम झालं, पाकिटाला हात घातला. चाचा म्हणाले, "बस. जवारी लावायचीय."

जवारी म्हणजे काय, हे मला आत्यानं अनेकदा सांगितलं होतं आणि मी अनेकदा मान डोलावली होती. आता डोळ्यांनी बघितलं. घोडीचा वरचा पृष्ठभाग सपाट दिसतो पण सपाट नसतो, किंचित उतरता असतो. केसभराचा उतार. तार त्या उतारावर टेकते आणि छेडली की थरथरत पुन्हापुन्हा त्याला चाटून जाते. त्या चाटण्यातून तो भरलेला, सोनेरी गुणगुणाट उठतो. उतार जास्त झाला तर आवाज कोरडा, ठक्क असा. कमी झाला तर तार नुसती खरखरते. म्हणून बारीक कानशीनं एकदा घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, उतरवायची, पुन्हा घासायचं. कधी दोन तास, कधी दोन दिवस. शेवटी तारेखाली सुती दोऱ्याचा एक तुकडा सरकवतात, आणि तो सुईच्या टोकाएवढा पुढेमागे झाला की आवाज उघडतो किंवा मिटतो.

चाचांनी पहिली तार छेडली. "कशी आहे?"

"छान."

त्यांनी तार उतरवली, कानस चारदा फिरवली, पुन्हा चढवली. "आता?"

मला काहीही फरक कळला नव्हता. "आता जास्त छान," मी म्हटलं.

ते हसले. "बाईंचा भाचा आणि खोटं बोलतोस होय? कळलं नाही तर नाही म्हण." मग त्यांनी माझा हात धरून भोपळ्याच्या बुडाशी ठेवला. तार छेडली. तळव्याला नुसता धक्का लागला आणि विरला. त्यांनी दोरा घेतला, तारेखाली घातला, नखानं लोटला. आणखी लोटला. आणि एका जागी तळव्याखालचा भोपळा एकदम भरून आला. एकच तार होती, पण तिच्या आत वरचे सूर एकामागून एक उमलत गेले, हातातून कोपरापर्यंत. कानानं कळायच्या आधी हाताला कळलं.

मागे कॉमेंट्री ऐकणाऱ्या पुतण्यानं एक इअरफोन काढला, मान वर केली आणि म्हणाला, "हां, बसली." पुन्हा इअरफोन घातला.

बाकी तिन्ही तारांना दुपार झाली. मधे चहा दोनदा. एक धारवाडचा मुलगा आपली सतार घेऊन आला, पाळीत बसला. मी २०१६ सालची गोष्ट काढली. लातूरला पाणी नव्हतं तेव्हा मिरजेतून रेल्वेनं पाठवलं होतं. एप्रिलात पहिली गाडी गेली, दहा टाक्यांची, पाच लाख लिटर. नंतर पन्नास टाक्यांची जायला लागली. बाबा तेव्हा निवृत्त होते, तरी रोज स्टेशनात जाऊन टाक्या भरताना बघत बसायचे. गाडी जायची ती पंढरपूर-कुर्डुवाडी-बार्शीवरूनच, जुन्या छोट्या रेल्वेच्या वाटेनं. चाचा म्हणाले, "मग बरोबर आहे. तिकडून भोपळे येतात, इकडून पाणी."

निघताना त्यांनी दोऱ्याचा एक तुकडा काडेपेटीत घालून दिला. पुण्याच्या हवेत जवारी उतरेल, पावसाळ्यात तर नक्कीच. दोरा सरकवून बघ, नाही जमलं तर घेऊन ये. गादीखाली घालू नकोस. आणि रोज नाही तरी आठवड्यातून एकदा छेडत जा, नुसतं फडकं मारून वाद्य जगत नाही. मी म्हटलं मला लावता येत नाही. ते म्हणाले, "लावायचं कोण म्हणतंय? छेड."

पैसे सांगितले ते पुण्याच्या एका डॉक्टरच्या तपासणी-फीपेक्षा थोडे जास्त होते.

संध्याकाळच्या गाडीत मला खालचा बर्थ मिळाला होता. तानपुरा त्यावर झोपवला, चादर नीट खोचली आणि स्वतः कडेला अंग चोरून बसलो. समोर जमखंडीचं कुटुंब होतं. म्हातारे गृहस्थ, डोळ्याला हिरवी पट्टी, बरोबर सून आणि नातू. म्हाताऱ्यांनी दुसऱ्या डोळ्यानं बराच वेळ बोचक्याकडे पाहिलं आणि कन्नड वळणाच्या मराठीत विचारलं, "ऑपरेशन झालं काय?"

मी म्हटलं, "झालं. बरं आहे आता."

सांगली गेलं, किर्लोस्करवाडी गेलं. नातवानं चादरीच्या फटीतून बोट घालून हळूच तार छेडली. त्याच्या आईनं त्याचा हात मागे ओढला.

"असू दे," मी म्हटलं.

त्यानं पुन्हा छेडली.